आगटीवरून उठवलेली पोर

घरामागच्या रानात आज कुणीतरी आगटी पेटवली. गोवऱ्यांचा धूर आणि भाजत्या ज्वारीचा गोडसर वास थेट स्वयंपाकघरात आला. या वासानं लोकांना भूक लागते, माझं डोकं भडकतं.

दादा अमेरिकेहून आमच्या गावी, पेडगावला आला होता, त्या हिवाळ्यातली गोष्ट. त्याची नऊ वर्षांची रेवा आगटीजवळ माझ्या शेजारी मातीतच फतकल मारून बसली होती. पहिलं कणीस चोळताना चटका बसला, तरी तिनं ते सोडलं नाही. भुसा फुंकला, तो तिच्याच भुवयांवर उडाला. हिरवे दाणे तोंडात टाकून म्हणाली, "आत्या, अजून एक. मीच चोळणार."

तेवढ्यात दादा लॅपटॉप घेऊन आला. "रेवा, ऊठ. गणिताचा क्लास सुरू होईल."

"खाऊ दे की रे तिला. लय रमलीय," मी म्हणाले.

"हुरडा कुठं पळून चाललाय? क्लास बुडाला तर मागं पडंल ती."

त्यानं तिचे काळे तळवे ओल्या कागदानं खसाखसा पुसले. जशी काही पोरीला घाणच लागली होती! मग तिला बाजेवर नेऊन बसवलं. तिच्या वाट्याची कणसं माझ्यासमोर गार होऊन चिवट झाली.

आज दुपारी त्याच दादाचा फोन. "रेवा कॉलेजात पहिली आली गं. पण गावाकडं चल म्हटलं की म्हणते, तिथं माझं काय आहे? तिला गावाची ओढ कशी लावावी?"

"लागली होती की," मी म्हणाले. "तूच उठवलंस तिला."