पाचवा फर्मा

बाइंडरबाईंचा राग खळीसारखा होता. लावताना काही कळत नाही, बोटाने पुसला तर निघून येईलसा वाटतो. पण एकदा वाळला की पुठ्ठा फाटेल, तो सुटायचा नाही.

त्यांचं दुकान म्हणजे घराच्या पुढच्या दोन खोल्या. एका खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी दाब आणि पुठ्ठा कापायची कात्री, दुसरीत खिडकीपाशी पाटावर बसून पानं शिवणाऱ्या सासूबाई. धंदा सासऱ्यांचा. मुलाने टपालखात्याची नोकरी धरली, तेव्हा सासऱ्यांनी सून हेरली. बाई कॉलेज अर्धवट टाकून आलेल्या, हात बारीक कामाचा आणि डोळा त्याहून बारीक. त्यांच्या हाताखालून जाणारं एकही पुस्तक न वाचता बाहेर पडत नसे. कोणी विचारलं तर म्हणायच्या, "शिवायच्या आधी पानं क्रमाने लावून बघावी लागतात. आता ती काय डोळे मिटून लावू?"

गावच्या ग्रंथालयात दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी वाचकांची बैठक भरायची. तिचा एक रिवाज होता. ज्याने जे नवं पुस्तक घेतलं असेल ते त्याने टेबलावर ठेवायचं, का घेतलं ते सांगायचं आणि कधीपर्यंत वाचणार तेही. ग्रंथपाल ते सगळं एका जाड वहीत नावानिशी लिहून घ्यायचे. पुढच्या महिन्यात आधी मागच्या पुस्तकाची जबानी, मग नवी खरेदी. वहीत नाव असणं ही मानाची गोष्ट होती. लग्नाच्या स्थळाला सांगताना सुद्धा लोक म्हणत, "आमचे भाऊजी वहीतले आहेत हो."

बाइंडरबाई त्याच दिवशी ग्रंथालयातली फाटकी पुस्तकं न्यायला जात. मागच्या बाकावर गठ्ठा मांडीवर घेऊन दोन वर्षं त्यांनी नुसतं ऐकलं. तिसऱ्या वर्षी धीर केला. रद्दीवाल्याकडून उचललेलं, पुढची नऊ पानं गेलेलं एक पुस्तक त्यांनी निळ्या कापडात बांधलं आणि जाऊन टेबलावर ठेवलं.

"नाव माहीत नाही," त्या म्हणाल्या. "नाव असलेलं पानच नाहीये. पण एकदा वाचलंय, आणि पुढच्या महिन्यापर्यंत परत वाचणार आहे."

ग्रंथपालांनी त्यांचं नाव वहीत लिहिलंही. तेवढ्यात अध्यक्षांच्या खुर्चीतून निवृत्त प्राचार्य उठले. हे गृहस्थ बोलायला लागले की पंखासुद्धा हळू फिरतो, असं लोक म्हणत. त्यांनी ते निळं पुस्तक दोन बोटांत धरून वर उचललं.

"बाई, शिंप्याच्या हातून हजार कोट जातात. म्हणून तो साहेब होत नाही."

सगळे हसले. डॉक्टर हसले, वकीलवहिनी हसल्या, ज्यांच्या घरच्या ज्ञानकोशाला बाईंनी नवे कणे घालून दिले होते ते दुकानदारही हसले.

"ही नोंद खोडा," प्राचार्य ग्रंथपालांना म्हणाले. "इथे वाचकांची नावं असतात."

ग्रंथपाल बिचारे अध्यक्षांच्या मर्जीतले. त्यांनी लाल पेन काढलं, खणातून पट्टी काढली, ती नीट जुळवून धरली आणि बाईंच्या नावावर सरळ रेघ मारली.

शिंप्याचा टोमणा बाई एखाद वेळेस विसरल्या असत्या. ती पट्टी विसरल्या नाहीत.

घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "झालं का नाव वहीत?"

"झालं आणि गेलं."

सगळं ऐकून घेतल्यावर सासूबाईंनी दोरा दाताने तोडला. "मग आता रडणार आहेस की काही करणार आहेस?"

"बघते," बाई म्हणाल्या.

बघण्यासारखं पुष्कळ होतं, कारण प्राचार्यांची सगळी पुस्तकं बांधायला त्यांच्याचकडे येत. शनिवारी नवंकोरं पुस्तक बैठकीत मिरवायचं, रविवारी दुकानात पाठवायचं, मग ते मरून रंगाच्या कापडात, सोनेरी अक्षरांत दिवाणखान्याच्या काचेच्या कपाटात. पुस्तक आणून देणं आणि परत नेणं हे काम प्राचार्यकाकूंचं. बारीक चणीची, मान खाली घालून चालणारी बाई. कापडी पिशवी पुढे करत "झालं का?" एवढंच विचारायच्या. प्राचार्य बैठकीत चेष्टेने म्हणायचे, "आमच्या घरात मी वाचतो आणि ही धूळ पुसते. कामाची वाटणी आहे."

मग एका महिन्यात बाइंडरबाईंच्या बोटात सुई घुसली. बोट पिकलं, काम अडलं. प्राचार्यांचं रविवारी आलेलं पुस्तक महिनाभर तसंच पडून राहिलं, शिवण उसवलेलं, फर्मे सुटे. फर्मा म्हणजे एकत्र घडी घातलेली सोळा पानं. असे फर्मे एकावर एक शिवले की पुस्तक होतं. तर ते सुटे फर्मे दुकानातल्या फळीवर असताना इकडे बैठकीत प्राचार्य त्याच पुस्तकावर पंधरा मिनिटं बोलले. "रात्र रात्र जागून संपवलं," म्हणाले. बाई मागच्या बाकावर बोटाची चिंधी सारखी करत ऐकत राहिल्या. जे काही ते बोलले ते सगळं पुस्तकाच्या पाठीवर छापलेलं होतं.

त्या तिथेच उठून बोलू शकल्या असत्या. पण प्राचार्य म्हणाले असते, बांधायला पाठवायच्या आधी शनिवारी रात्रीच वाचून काढलं. वर टाळ्याही मिळाल्या असत्या. बाई घरी आल्या, फळीवरचे फर्मे उतरवले, क्रमाने लावले. मग पाचवा फर्मा, म्हणजे पासष्ट ते ऐंशी ही पानं, मधून काढली आणि सगळ्यांत शेवटी ठेवली.

सासूबाई सुई ओवत होत्या. त्या थांबल्या.

"अगं, हे काय?"

"शिवा तसंच."

"तुझ्या सासऱ्यांच्या हातून एकदा एक पान उलटं गेलं होतं, तर ते दोन दिवस जेवले नव्हते. आणि तू जाणून-बुजून?"

"त्यांचं नाव कुणी पट्टी लावून खोडलं नव्हतं."

सासूबाईंनी फर्मे ठोकून सारखे केले. मग सुई घातली. "पण शिवण तरी घट्ट घालते. उगाच आपल्या शिवणीला नाव नको."

अशी चौदा महिन्यांत चौदा पुस्तकं गेली. दर वेळी पाचवा फर्मा शेवटी. बाईंनी त्यांची यादी एका कागदावर ठेवली होती, दाबाच्या खणात. दर महिन्याला त्या बैठकीहून आल्या की सासूबाई विचारायच्या, "सापडलं का मेल्याला?"

"नाही."

"अजून नाही? अगं, चौसष्टाव्या पानावर माणूस गाडीत बसतो आणि पुढच्या पानावर त्याचं लग्न झालेलं असतं!"

"त्यांना त्याचं काही वाटलेलं दिसत नाही."

खरं सांगायचं तर बाईंना मधूनमधून ते टोचायचं. बांधून झालेलं पुस्तक हातात घेतलं की अंगठा आपोआप पासष्टाव्या पानाकडे जायचा. पण मग त्यांना ती पट्टी आठवायची आणि पान न उघडताच त्या पुस्तक गुंडाळायच्या.

वर्षाच्या शेवटच्या बैठकीत प्रत्येकाने वर्षातलं सगळ्यांत आवडलेलं पुस्तक आणायचं असे. दालन भरलं होतं. प्राचार्यांनी सर्वांत जाड मरून पुस्तक आणलं आणि त्यावर हात ठेवून बोलायला सुरुवात केली.

"या पुस्तकाचा शेवट! शेवटची दोन पानं मी तीनदा वाचली. माझ्यासारख्या माणसाच्या डोळ्यांत पाणी आलं."

मागच्या बाकावरून आवाज आला. "सर, तेवढी दोन पानं वाचून दाखवा ना. आम्हालाही रडू दे."

प्राचार्यांनी चष्म्यावरून पाहिलं. बाइंडरबाई. पण मोठ्याने वाचायला सांगितलं की त्यांना नाही म्हणवत नसे. त्यांनी शेवटची पानं उघडली आणि भारदस्त आवाजात वाचायला लागले. कोणीतरी वकील कोणाच्या तरी घरी घोड्यांचा सौदा करायला आला होता. रडू येण्यासारखं काही नव्हतं, तरी प्राचार्यांनी आवाजात कंप आणला. शेवटच्या ओळीवर आले.

"तेव्हा वकिलाने टोपी उचलली आणि"

पान संपलं. पुस्तकही संपलं.

मग डॉक्टरांनी विचारलं, "आणि काय?"

"आणि..." प्राचार्यांनी पान उलटलं. पुठ्ठा. परत मागे आले. खाली आकडा होता ऐंशी. चेहऱ्याचा रंग कपाटातल्या पुस्तकांसारखा झाला, पण डोकं चालत होतं. "ही बांधणीची चूक आहे!" त्यांनी पुस्तक उंच धरलं. "बघा, बघा या बाईचं काम! पानं कुठली कुठे! आणि अशांना आपण ग्रंथालयाची पुस्तकं देतो!"

बाई उठल्या, हातातला गठ्ठा बाकावर ठेवला.

"चूक माझीच आहे, सर. मुद्दाम केलेली. पण हे पुस्तक तुमच्या घरी जाऊन आठ महिने झाले. चूक तुम्हाला आज सापडली."

त्यांनी आज कमरेला खोचून आणलेली यादी काढली आणि पहिल्यापासून वाचायला लागल्या. पुस्तक कोणतं, कोणत्या महिन्यात बांधून दिलं, पाचवा फर्मा कुठे आहे. आणि कोणत्या शनिवारी सरांनी ते 'रात्र जागून' संपवलं.

सहाव्या नावाला प्राचार्यांनी जाड पुस्तक टेबलावर आदळलं. कणा करकरला आणि मधून एक चिठ्ठी उडून ग्रंथपालांच्या पायाशी पडली. ती उचलून ग्रंथपालांनी सवयीने मोठ्याने वाचली, "इथून पुढची सोळा पानं पुस्तकाच्या शेवटी आहेत. ती वाचून मग इथे यावं."

बाइंडरबाईंनी हातातल्या कागदावर परत नजर फिरवली. हे त्यांच्या यादीत नव्हतं.

"बघा!" प्राचार्य ओरडले. "ही माझी चिठ्ठी! मला केव्हाच सापडलं होतं, मी मोठेपणाने बोललो नाही!"

ग्रंथपालांनी चिठ्ठी उलटी केली. आयुष्यात पहिल्यांदाच ते अध्यक्षांकडे न बघता बोलले. "मागे लिहिलंय, दोन चादरी, चार अभ्रे, एक टेबलक्लॉथ."

"अय्या," वकीलवहिनी म्हणाल्या, "अभ्रे सर मोजतात वाटतं?"

जे हसू त्या दिवशी निळ्या पुस्तकावर हसलं गेलं होतं, तेच, त्याच तोंडांतून, दुप्पट होऊन आलं. दुकानदार तर डोळे पुसत होते. प्राचार्यांनी छत्री उचलली, पुस्तक काखेत मारलं आणि ते जिना उतरले. बाई त्यांच्या पायांचा आवाज शेवटच्या पायरीपर्यंत ऐकत उभ्या राहिल्या. इतकं गोड त्यांना बऱ्याच वर्षांत काही लागलं नव्हतं.

मग त्या टेबलापाशी गेल्या. "वही काढा."

ग्रंथपाल चाचरले. "बाई, नाव लिहितो. पण मुद्दाम चुकीचं बांधलंत, तेव्हा ग्रंथालयाचं काम आता तुम्हाला कोणत्या तोंडाने देऊ?"

हा घाव बरोबर बसला, कारण तो खरा होता. बाईंनी मागच्या बाकावरच्या गठ्ठ्याकडे पाहिलं.

"नका देऊ," त्या म्हणाल्या. "नाव लिहा. पट्टी लागणार नाही."

मंगळवारी दुपारी दुकानाच्या दारात प्राचार्यकाकू उभ्या राहिल्या. या वेळी दोन पिशव्या होत्या. त्यांनी एकेक करत चौदा मरून पुस्तकं सासूबाईंच्या पाटापुढे मांडली. बारांतून चिठ्ठ्यांची टोकं बाहेर आलेली, जाड पुस्तकातली चिठ्ठी ग्रंथालयातच राहिली होती.

बाइंडरबाईंनी स्टूल पुढे सरकवलं. "काकू, बसा."

"बसते." त्या खरंच बसल्या. "पहिल्या पुस्तकात वाटलं, तुमची नजरचूक झाली. दुसऱ्यात पण पाचवाच फर्मा. तेव्हा म्हटलं, ही चूक नाही, हा हिशेब आहे. मग मी पण वाट बघायला लागले."

"त्यांना सांगितलं नाहीत?"

"एकतीस वर्षांत त्यांनी मला एकदा विचारलं नाही, तू काय वाचतेस. न विचारलेलं मी कशाला सांगू?" काकूंनी चिठ्ठी नसलेलं एक पुस्तक उचललं. "आणि हे तिसरं. यात तुम्ही पाचवा फर्मा जागच्या जागीच ठेवलात! मी दोनदा वाचलं, म्हटलं नक्की कुठेतरी दुसरीकडे लपवलाय. डोळे गेले माझे शोधून."

बाईंनी सासूबाईंकडे पाहिलं. सासूबाई सुईत दोरा ओवण्यात फारच गुंतल्या होत्या.

"आई?"

"त्या दिवशी तुझ्या सासऱ्यांची पुण्यतिथी होती," सासूबाई खाली बघूनच म्हणाल्या. "त्या एका दिवशी नाही शिवलं मी वेडंवाकडं. मारतेस का आता?"

काकू खुदकन हसल्या. त्यांना हसताना बाइंडरबाई पहिल्यांदाच पाहत होत्या.

"ही सगळी नीट बांधून द्या," काकू म्हणाल्या. "या वर्षी परत एकदा सरळ वाचणार आहे. पुढच्या बैठकीला येऊन वहीत तसं लिहायला लावणार आहे."

बाईंनी मान हलवली आणि आधी त्या जाड पुस्तकाचा पुठ्ठा उघडून शिवणीवर पातं ठेवलं.

"थांबा. ते उसवू नका," काकूंनी त्यांचा हात धरला. "त्यांनी आदळलं तेव्हा त्याचा कणा सैल झालाय. तेवढा घट्ट करा. पानं आहेत तशीच राहू देत. ते कपाटात मधोमध असतं, त्यांच्या खुर्चीच्या बरोबर समोर."

बाइंडरबाईंनी पातं बाजूला ठेवलं आणि सरसाचं भांडं जवळ ओढलं. काम त्यांनी जीव लावून केलं. तो कणा आता पुढची पन्नास वर्षं हलायचा नाही.