पान सहाशे बारा

माझ्या सासूबाईंनी एका नामवंत लेखकाच्या घरी एकवीस वर्षं स्वयंपाक केला. लेखक गेल्यावर त्यांचं अकराशे पानांचं चरित्र निघालं. सासूबाईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून रोज दुपारी भांडी आवरली की मी वाचून दाखवायचे. चरित्र कसलं, उशीच ती! साहेबांचा आवडता साबणसुद्धा त्यात. "तो मीच आणायचे," म्हणत सासूबाई मजेत ऐकायच्या.

सहाशे बाराव्या पानावर माझी जीभ अडखळली. दोन वर्षं खपून लिहिलेली कादंबरी घरातल्या अडाणी स्वयंपाकिणीने रद्दी समजून शेगडीत घातली, असं छापलं होतं. पुरावा काय, तर साहेबांचंच पत्र!

"अडाणी?" सासूबाई ताडकन उठून बसल्या. "अगं, सातवीपर्यंत शिकलेय मी! जाळा म्हणून त्यांनीच सांगितलं. तीनदा विचारलं, साहेब, नक्की ना? म्हणाले, फार वाईट झालीय, कुणी विचारलं तर तुमच्या हातून चुकून झालं म्हणा, माझी लाज राखा. राखली की! चाळीस वर्षं लोक हसले, तुझे सासरेही हसले. मी चकार शब्द काढला नाही."

माझं डोकंच फिरलं. जिच्या हातचं एकवीस वर्षं गरम गरम खाल्लं, तिलाच अडाणी म्हणायचं? गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलले, पोटभर बोलले.

"आणि वाचली होती मी ती," सासूबाई म्हणाल्या. "एकेक पान वाचलं, मगच शेगडीत घातलं. अख्खी दुपार गेली."

हे सगळं मी चरित्रकाराला पत्रात सणसणीत लिहून कळवलं. आठवड्याच्या आत स्वारी दारात हजर. माफीबिफी काही नाही, खुर्चीत टेकायच्या आधीच वही उघडली.

"आजी, काय होतं हो त्या कादंबरीत? थोडंफार आठवतंय?"

"सगळं आठवतंय."

"मग सांगा ना!"

"आधी ते पान बदला."

तो चुळबुळला. "ही आवृत्ती संपल्याशिवाय बदलता येत नाही. पुस्तक जाड, खप बेताचा. पाच-सहा वर्षं तरी जातील."

"जाऊ देत की," सासूबाई म्हणाल्या. "मी एक्याऐंशीची आहे. घाई कुणाला, ते तुम्ही बघा."