दादाला वर आणताना

नाशिकच्या दवाखान्यात सुभाषदादाला शेवटचं भेटले तेव्हा तो आजाराविषयी बोलला नाही, लेकाविषयीही नाही. म्हणाला, "माझा गडी खालीच मरून पडलाय गं. त्याला तेवढा वर आन." नर्सला वाटलं पेशंट बरळतोय. मला नीट कळलं होतं. त्याच आठवड्यात त्याच्या मुलाचा, रोहनचा फोन आला... दादा गेला.

दादा कोपरगावकडच्या एका साखर कारखान्यात केमिस्ट होता. ऑफिसने मोडीत काढलेला कॉम्प्युटर त्याने घरी आणला आणि मित्राकडून एक गेम मिळवला. राक्षस, तलवारी, मंत्र आणि मजल्याखाली मजले असलेलं भुयार. नकाशा नाही, सूचना नाहीत. सहा जणांची टोळी घेऊन उतरायचं, आणि मेलेल्याला गावातल्या देवळापर्यंत पोचवलं तरच तो उठण्याची आशा. दादाने सहाही जणांना घरातली नावं दिली. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या आईला त्याने मांत्रिक केलं. "मला कशाला त्या बिळात न्हेतो रं?" आई भाकरी थापता थापता विचारायची. "आये, तुझ्याबिगर त्यांच्यावर इस्तू कोन टाकनार?" असं म्हणून दादा राक्षसांवर आग सोडायचा. आई हसू दाबायची, पण काल आपण कितीजणांना जाळलं हे सकाळी हळूच विचारून घ्यायची.

शहाणे खेळाडू मेलेल्याला भुयारातच टाकून येतात आणि गावातून नवा गडी घेतात. दादाला ते कधी जमलं नाही. "मढं रानात टाकून घरी येतो का आपन?" म्हणत तो प्रेत उचलून घ्यायचा. त्या ओझ्यापायी मिळालेलं सोनं मागे राहायचं, आणि कित्येकदा एकाला आणण्याच्या नादात उरलेले पाचही मरायचे. मी वैतागायचे. तो चहा मागायचा आणि पुन्हा पहिल्या मजल्यापासून सुरुवात करायचा. एवढ्या वर्षांत तो गेम काही त्याच्याकडून संपला नाही.

दादा गेला त्या दिवशी पाऊस धो धो होता. नातेवाईक म्हणाले, रस्ता लई खराब हाय, इथंच नाशकात उरकून घेऊ. 'उरकून' ऐकून माझं डोकं फिरलं. म्हटलं, "दादा घरी येईल. ज्यांना जमत न्हाई त्यांनी येऊ नगा." सगळे आले. त्रिशरण-पंचशील म्हणून आम्ही त्याला गोदावरीकाठी निरोप दिला.

नंतर काही आठवड्यांनी मी त्याच्या खोलीत कॉम्प्युटरसमोर बसले. दादाच्याच नावाचा तलवारवाला खोल मजल्यावर मरून पडलेला, आणि भोवती आम्ही पाच जण, अर्धमेले. रोहन म्हणाला, "आत्या, आधी या डावाची कॉपी काढून ठेवतो. चुकलं तर परत हितूनच सुरू करता येईल."

"नको."

"आजकाल सगळे असंच खेळतात."

"खेळू दे सगळ्यांना. तुझ्या बापानं कधी दुसरा डाव मागितला न्हाई."

आम्ही दादाला उचललं. वाटेत सोनं दिसलं, सोडलं. लढाया आल्या, पळ काढला. भित्री म्हणा हवं तर. शेवटच्या जिन्यापाशी आईजवळ एकच मंत्र उरला होता, तोही वापरला. वर गाव लागलं, देऊळ आलं. तिथला पुजारी मेलेल्याला उठवतो, पण नेहमीच नाही. जमलं नाही तर त्या माणसाचं नाव गेममधून कायमचं पुसलं जातं. दादाला देवळात तसाच ठेवता आला असता. पण आयुष्यभर जो कधी बसून राहिला नाही, त्याला निजवून ठेवायचं कशासाठी? मी 'हो' दाबलं... तो उठला नाही. यादीतून नाव गेलं. रोहन रडला, मीही रडले. त्यात लाज कसली?

त्या गेमच्या लेखी सुभाष नावाचं कुणी कधी नव्हतंच. होता. आणि तो खाली पडून राहिला नाही, आम्ही त्याला घरी आणला.

आता मी रोज संध्याकाळी पाच जणांना घेऊन भुयारात उतरते. गावातले तलवारवाले नोकरी मागत उभे असतात. मी कुणाला घेत नाही. रोहन म्हणतो, पाच जणांनी हा गेम संपतच नाही.

नसेल संपत.