जावयाचा खांदा

आमच्याकडे जावयाला पाट मिळतो, पाटाभोवती रांगोळी मिळते आणि पोट भरलं म्हटल्यावर आणखी एक पुरणपोळी मिळते. मला हे सगळं मिळालं. शिवाय गेल्या वर्षापासून मी कॅमेऱ्याचा स्टँड आहे.

झालं असं की सासऱ्यांचे हात थरथरू लागले. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून दर रविवारी रायपूरबाहेरच्या तलावांवर पक्ष्यांचे फोटो काढायचे, एवढा एकच त्यांचा शौक. आता त्यांचा बगळा वाळत घातलेल्या धोतरासारखा यायचा. थरथरीबद्दल घरात कुणी बोलत नसे. लेन्स जड आहे, असं आम्ही सगळे एकमुखाने म्हणायचो. तिपाई आणली, ती त्यांनी माळ्यावर टाकली. "ते म्हाताऱ्यांसाठी असते," म्हणाले. वय वर्षं चौऱ्याहत्तर.

मग एकदा मी सहज त्यांच्या पुढे बसलो आणि त्यांनी सहज लेन्स माझ्या खांद्यावर टेकवली. चौबे कॉलनीतल्या घरी हे कळलं तेव्हा सासूबाईंच्या हातातली पळी थांबली. "जावयाच्या खांद्यावर ओझं ठेवता? काही लाज?" पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी पंडरीच्या कापडबाजारातून मऊ कापड आणलं, लहानशी पिशवी शिवली आणि आत तांदूळ भरले. खांद्यावर ठेवायला. जावयाचा मान असा राखला गेला.

फोटो तरीही हललेलेच.

"तुम्ही लय हलून राहिले, जावईबापू," ते म्हणायचे. मी माफी मागायचो.

भादव्यातल्या एका रविवारी आम्ही गाडीने निघालो. धानाची शेतं लागली तेव्हा ते म्हणाले, "आज नाही जमलं तर कॅमेरा पोरीले देऊन टाकतो. काहून तुमचाही रविवार घालवू?"

पोरगी म्हणजे माझी बायको. तिला पाणकावळा आणि साधा कावळा सारखेच. मी गाडी तलावाच्या वाटेला घातली.

तलावाच्या पाळीवर आम्ही बसलो. पुढे मी, माझ्या खांद्यावर तांदूळ, तांदळावर लेन्स, मागे घडीच्या स्टुलावर बाबा. शिंगाड्याच्या वेलींत काम करणाऱ्या बाईला मी कमळपक्ष्याचं विचारलं. "हव," असा होकार देत तिने हनुवटीनेच दिशा दाखवली.

तिथे तो होता, पानांवरून लांब बोटं टाकत चाललेला, मागे चार पिल्लं. या पक्ष्यांत पोरं वाढवायचं काम बापाचं. आई अंडी घालून पुढच्या संसाराला मोकळी. एवढ्यात वरून घार गेली. बाप खाली बसला, पंख जरा उघडले, पिल्लं आत शिरली आणि तो त्यांना काखेत घेऊन उभा राहिला. पंखांखाली इवले इवले पाय लोंबत होते.

"जावईबापू," मागून कुजबुज आली, "श्वास."

मी श्वास रोखला. नेमका तेव्हाच एक मुंगळा माझ्या कॉलरमध्ये उतरला. तांदळातून ती थरथर माझ्या हाडापर्यंत येत होती, आणि मुंगळ्यापेक्षा तीच सहन होईना. मी डावा हात उचलला आणि लेन्सवरच्या त्यांच्या हातावर ठेवला. लग्नाला बावीस वर्षं झाली. नमस्काराला पायांना हात लावण्यापलीकडे मी त्यांना कधी स्पर्श केला नव्हता. हात गार होता, वाटला होता त्याहून लहान. त्यांनी तो काढून घेतला नाही.

कॅमेरा खटखटला.

मी शर्ट झटकत पाळीवर नाचत असताना ते पडद्यावर फोटो मोठा करून बघत होते. खूप वेळ. मग कॅमेरा माझ्याकडे वळवला. पिल्लांच्या पायांची नखंसुद्धा दिसत होती.

"आज नाही हलले तुम्ही," ते म्हणाले.

"प्रयत्न केला, बाबा."

"रविवारी असेच बसा."

मुंगळ्याची गोष्ट मी घरी जेवताना साभिनय सांगितली. सासूबाईंना हसून ठसका लागला. हाताचं तेवढं गाळलं.