एकच डोस

ताईचं लग्न होऊन ती देगलूरला गेली आणि नांदेडच्या घरात माझ्याशी बोलायला कुणी उरलं नाही. परीक्षेत दोनदा आपटलेल्या माणसाला घरचे फक्त अभ्यासाचं विचारतात, बोलत नाहीत. तिच्या फोनभोवतीही सासरची माणसं असायची, म्हणून गाडी ‘बरं हाय, जेवलास का’च्या पुढे सरकायची नाही. खरं बोलणं व्हायचं ते आम्ही ऑनलाइन खेळायचो त्या गेममध्ये, कानाला हेडफोन लावून. दुपारी ती वरच्या खोलीत लॅपटॉप उघडायची. झोंबींनी भरलेल्या ओसाड गावात आम्ही दोघांनी एक घर राखलं होतं. खिडक्यांना फळ्या ठोकता ठोकता ती मनातलं बोलून मोकळी व्हायची.

त्यात मला अवदसा आठवली. मूळ गेममध्ये चावा बसला तर दोन गोळ्यांत माणूस बरा. मला ते पोरकट वाटलं, म्हणून मी एक मॉड बसवला, म्हणजे कुणा हौशी माणसानं गेममध्ये केलेला बदल. आता औषध स्वतः तयार करायचं. पुस्तक शोधा, सूक्ष्मदर्शक आणा, जनरेटर चालवा, तेव्हा कुठे एक डोस. शिवाय आजाऱ्याच्या खोलीत थांबणाऱ्यालाही लागण. आणि मेलं की सगळं पहिल्यापासून. सुखाचा जीव दुःखात घालणं म्हणतात ते हेच.

तिसऱ्याच दिवशी मला चावा बसला. मी आतल्या खोलीत पडून राहिलो आणि तिला बजावलं, औषध कर, पण आत येऊ नको.

ती आली. उशाशी बसली.

“ताई, बाहेर हो. तुलाबी लागंल.”

“आजारी माणसाला एकटं टाकत्यात का कुठं? आपल्या घरात टाकलं का कधी कुणाला?”

नव्हतंच टाकलं. माझ्या काविळीत सगळी गल्ली माझ्या खाटेभोवती बसून गेली होती. मी ओरडलो, विनवण्या केल्या, ती हलली नाही. मधून मधून उठून औषध करायची आणि परत येऊन बसायची. डोस तयार झाला तेव्हा तिने तो मला टोचला. माझा ताप उतरला आणि मला तिचा खोकला ऐकू आला.

“कधीपास्नं?”

“कालपास्नं.”

दुसऱ्या डोससाठी मी वेड्यासारखा धावलो. दवाखाने फोडले, पेट्रोलसाठी गाड्या उपसल्या. जनरेटर सुरू झाला तेव्हा तिला झोंबी व्हायला गेममधले दोन तास उरले होते आणि औषधाला सहा लागणार होते. तिने कोठीत जाऊन आतून कडी लावली. “दार उघडू नको,” एवढंच म्हणाली. मी दारापाशी बसून खरोखरचा रडलो. माझं वय तेव्हा चोवीस होतं.

मॉड मी त्याच संध्याकाळी काढून टाकला. दुसऱ्या दिवशी तिला म्हणालो, नव्याने सुरू करू, सोपं ठेवू, गोळ्या घेतल्या की बरं.

ती म्हणाली, “इथं सासरी एक घर अजून मांडतेच हाय मी. दुसरं मांडायला जीव न्हाई रे.”