शेवटच्या ओळीवर अडकलेला संगणक

वडील अंबडच्या एका कारखान्यात टूलरूमला एकतीस वर्षं होते. निवृत्तीनंतर पाच महिन्यांनी त्यांना पहिलं काम मिळालं. पिंपळगावच्या एका कांदा प्रतवारी यंत्राचा ब्रॅकेट तुटला होता. तो मोजून नवं ड्रॉइंग करायचं होतं. काम देणारा वर्कशॉपवाला पूर्वी त्यांच्याच हाताखाली शिकलेला. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बारा वाजता पत्रा कापायला घेणार, त्याआधी ड्रॉइंग पाठवा, नाही जमलं तर दुसऱ्या कोणाकडून करून घेतो, असं तो म्हणाला होता. हे वाक्य वडिलांनी घरात दोनदा सांगितलं. दोन्ही वेळा हसून.

सिडकोतल्या आमच्या घरात संगणक एकच. त्यात दोन सिस्टीम: विंडोजमध्ये वडिलांचं ड्रॉइंग, लिनक्समध्ये माझं काम. संगणक सुरू केला की काळ्या पडद्यावर यादी येते आणि त्यातली एक ओळ निवडायची असते. दहा सेकंदांत काहीच दाबलं नाही, तर सगळ्यात वरची सिस्टीम आपोआप सुरू होते. दुसरी सिस्टीम मी टाकली, तेव्हापासून या यंत्रातला घरातला जाणकार मी होतो. नेमणूक मीच केली होती.

खंडेनवमीला आईने वडिलांच्या व्हर्निअर आणि मायक्रोमीटरबरोबर संगणकाचीही पूजा मांडली. ती कॅबिनेटवर अक्षता वाहू लागली तेव्हा मी तिला थांबवलं. आतला पंखा तांदूळ ओढून घेईल, त्यापेक्षा कीबोर्डवर वाहाव्यात, असं मी समजावून सांगितलं. दसरा होईपर्यंत पूजेतल्या वस्तूंना आमच्याकडे हात लावत नाहीत. संगणक दोन दिवस बंद राहिला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला वडिलांनी तो सुरू केला. यादी आली आणि निवडीची पट्टी सरसर घसरून शेवटच्या ओळीवर जाऊन बसली. सेकंद मोजणारा आकडा नाहीसा झाला. पट्टी वर नेली की ती लगेच खाली यायची. एंटर दाबलं की यंत्राच्या अंतर्गत सेटिंगचं पान उघडायचं. ड्रॉइंग जवळजवळ झालेलं होतं, दोन मापं टाकायची राहिली होती, आणि त्याची प्रत दुसरीकडे कुठेही नव्हती.

मागच्या आठवड्यात विंडोजचा अपडेट आला होता, त्याने सुरुवातीची मांडणी बिघडवली, असं निदान मी उभ्या उभ्या केलं. अशा प्रसंगासाठी मी दुरुस्तीचा पेन ड्राइव्ह तयार ठेवला होता. तो लावला. त्याचीही यादी आली आणि तिथेही पट्टी तळाला गेली. त्या यादीत शेवटची ओळ मेमरी तपासण्याची होती. मी ती तपासणी होऊ दिली. त्यात चाळीस मिनिटं गेली. मेमरी उत्तम निघाली.

वडील मागे खुर्चीवर बसून होते. त्यांचा चहा तसाच होता. मधूनमधून ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, आणि मी वळलो की चष्मा पुसत. पावणेअकराला मी सगळं पुसून विंडोज नव्याने टाकण्याचा प्रस्ताव मांडला.

"थांब," वडील म्हणाले. "तुझ्या त्या पेन ड्राइव्हची यादीपण खालीच पळाली ना?"

"हो."

"टूल बदललं तरी जॉबच्या तुकड्यावर ओरखडा तोच. मग टूलचा दोष नाही."

त्यांनी कीबोर्ड उचलला आणि कडेची धार तपासावी तसं बटणांवरून बोट फिरवलं. खालच्या बाणापाशी बोट थांबलं. ते बटण शेजारच्यांपेक्षा किंचित खोल होतं. वर्तमानपत्र पसरून त्यांनी कीबोर्ड पालथा धरला आणि तीनदा टकटक केलं. कुंकू लागलेला तांदळाचा एक दाणा पेपरवर पडला. बटण वर आलं. पुन्हा सुरू केल्यावर पट्टी वरच्या ओळीवर स्थिर उभी होती आणि आकडा दहापासून खाली येत होता.

आईने पेपरवरचा दाणा उचलून पाहिला.

"मी कॅबिनेटवरच वाहत होते," ती म्हणाली आणि आत गेली.

ड्रॉइंग अकरा अठ्ठेचाळीसला गेलं. बारा वाजून गेल्यावर वर्कशॉपवाल्याचा फोन आला. पत्रा कापायला लावला होता, आणि असाच आणखी एक ब्रॅकेट मोजायला सर उद्या येतील का, असं तो विचारत होता. डायरी बघून सांगतो, असं वडील गंभीरपणे म्हणाले. डायरी कोरी होती.

मग ती डायरी त्यांनी उघडली. पहिल्या पानावर, ड्रॉइंगमध्ये काढतात तशा सरळ अक्षरांत, टूलरूमच्या पद्धतीने चार रकाने पाडले. बिघाड: खालचा बाण दाबलेला. कारण: अक्षता. उपाय: कीबोर्ड झटकला. जबाबदार व्यक्ती हा चौथा रकाना मोकळा ठेवून त्यांनी पेन माझ्यापुढे धरला.

"सही कर," ते म्हणाले. "आणि पेन लगेच परत दे. उद्याची वेळ लिहायची आहे."