पाच पेल्यांची परीक्षा

साकेचा, म्हणजे जपानी तांदळाच्या दारूचा, पहिला घोट मी हौसेने घेतलेला नाही, नोकरीसाठी घेतला. २०१७ सालची गोष्ट. कॅनडात कोक्विटलामला कॉलेज संपवून मी एका जपानी रेस्टॉरंटमध्ये टेबलं सांभाळत होते. वर्क परमिट पुढच्या उन्हाळ्यात संपणार होतं. कायमचं राहायचं, म्हणजे पीआर मिळवायचा, तर सुपरवायझरच्या हुद्द्याचं पत्र हवं होतं, आणि आमच्या मालकीणबाईंकडे तशी एकच जागा होती. बाई साठीच्या, जपानहून आलेल्या, बोलायला काटकसरी. साके चाखून ओळखेल त्यालाच जागा, असं त्यांनी सांगून टाकलं. गिऱ्हाइकाला बाटलीवरचं लेबल वाचून दाखवणारं माणूस त्यांना नको होतं.

आमची मावळात भाताची गिरणी. कुणी पिऊन पायरीवर येऊन बसला तर वडील त्याचं पोतं तसंच परत पाठवायचे, मग तो सख्खा चुलता का असेना. त्यांचा हट्ट माझ्यात पुरेपूर उतरलाय. जागा मिळवायची म्हणजे मिळवायची, घरी काय सांगायचं ते नंतर बघू, असं मी ठरवून टाकलं.

परीक्षेला दोघंच होतो, मी आणि आमचा बारवाला. दुपारी हॉटेल बंद असताना बाईंनी प्रत्येकापुढे पाच पेले मांडले आणि मध्ये एक बादली ठेवली. घोट घ्यायचा, तोंडात घोळवायचा, बादलीत थुंकायचा आणि प्रकार सांगायचा. बारवाला सफाईने थुंकत होता. मला काही ते जमेना. ताटात एक शीत उरलं तरी आम्हाला उठू न देणाऱ्या घरातली मी, तांदळापासून केलेली वस्तू चारचौघांत, दुसऱ्याच्या उष्ट्या बादलीत कशी थुंकणार? मी गिळत गेले. सकाळपासून पोटात काही नव्हतं. चौथ्या पेल्याला कान गरम झाले आणि पाचव्याला मी यादीतल्या सगळ्यात साध्या साकेला सगळ्यात महाग ठरवलं, तेही ठणकावून. माझे तीन चुकले, त्याचे दोन. दोघांनाही तीन आठवड्यांनी पुन्हा बसायचं होतं. मला बाई एवढंच म्हणाल्या, "गिळणारी माणसं चौथ्या पेल्यानंतर खोटं बोलतात."

भयंकर राग आला. त्यांचा थोडा, माझा जास्त.

भाड्याच्या बेसमेंटमध्ये माझ्याबरोबर नागपूरची एक मुलगी राहायची, तीही शिकायला आलेली. तिने माझी तालीम हातात घेतली. आधी नुसतं पाणी, मग साके. ती माझ्या पाठीमागे पेले भरायची, अदलाबदल करायची आणि मी सिंकपाशी उभी राहून थुंकायला शिकायची. एकदा सवयीने गिळलंच, तर ती वैतागली. "काहून गिळून राहिली तू? स्पिट कर ना! पीआर पाहिजे का झोप पाहिजे?"

पीआर पाहिजे होता. मी थुंकले.

पाचही प्रकारांची नावं पाठ होत होती, पण चव हाताला लागत नव्हती. एके दिवशी बाटलीमागचा मजकूर नीट वाचला, तेव्हा कळलं की पॉलिश करून तांदूळ किती उरलाय, ते तिथे लिहिलेलं असतं. म्हणजे हा तर गिरणीचा मामला. मग माझं मलाच हसू आलं. जुनमाईत तांदूळ कमी घासलेला, म्हणून तिला हातसडीच्या भाताच्या पेजेचा वास. दायगिंजोत निम्मा तांदूळ घासून टाकलेला, म्हणून तिच्यात भात नावालाही नाही, नुसतं खरबूज आणि पिकलं केळं. किमोतो जुन्या पद्धतीने आंबवलेली, ताकाच्या जवळची. नामा न तापवलेली, तिला ओल्या पेंढ्याचा हिरवा वास. होन्जोझो तेवढी त्रास द्यायची, कारण तिच्यात वरून थोडा मद्यार्क घातलेला असतो आणि ती तोंडातली चव अर्ध्यावर सोडून निघून जाते. दायगिंजो सुंदर लागायची, हे मी नाकारत नाही. पण प्रत्येक वेळी मनात यायचं, निम्मा तांदूळ, अरे देवा.

दुसऱ्या परीक्षेला पोटभर जेवून गेले. पाचही घोट बादलीत गेले. होन्जोझोला मी जुनमाई म्हटलं आणि जुनमाईला होन्जोझो, बाकीचे तीन बरोबर आले. बारवाल्याचेही तीनच. बाईंनी पेले गोळा करता करता विचारलं, कुणाला काही विचारायचंय का? बारवाल्याने विचारलं, यातली सगळ्यात जास्त खपते कुठली? चांगला प्रश्न होता. माझ्या तोंडून मात्र इतके दिवस साठलेलं बाहेर पडलं.

"निम्मा तांदूळ घासून टाकतात, त्या कोंड्याचं काय करतात?"

बाईंनी हातातला पेला खाली ठेवला. वरचा लालसर कोंडा गुरांना जातो, भाज्या मुरवायला जातो. आतलं पांढरं पीठ खाऱ्या कुरकुरीत बिस्किटांना जातं, असं त्यांनी सावकाश सांगितलं. इतकं सलग बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. आठवड्याने सुपरवायझरचं पत्र माझ्या हातात पडलं.

वडिलांना फोन लावला तेव्हा नुसतं "बढती मिळाली" म्हणून भागलं असतं. पण तीन आठवडे खरं बोलायलाच शिकले होते. दारूची परीक्षा होती, मी चाखली, असं सरळ सांगितलं. तांदळाची असते, हेही सांगितलं. पलीकडे गिरणीचा पट्टा चालू होता. तो त्यांनी बंद केलेला ऐकू आला. मी फोन घट्ट धरून उभी राहिले.

"तांदूळ केवढा घासतात?" त्यांनी विचारलं.

"चांगल्यातल्या चांगलीला निम्मा."

"आणि मग कोंड्याचं काय करतात?"

मी सांगितलं. गुरांना, लोणच्याला, बिस्किटांना.

"मग हरकत नाही," वडील म्हणाले, आणि पट्टा पुन्हा सुरू झाला.